वळणावरची राखण

पुतळाबाईला घोड्याचं भय होतं, आणि देवाची करणी अशी की तिची चूल पेटायची ती घोड्यांच्याच जिवावर.

लालबागेतून सात रस्त्यावरून महालक्ष्मीच्या दर्शनाला निघालं की देवळाच्या अलीकडे शर्यतीचं मोठं मैदान लागतं. प्लेगच्या आधीची दोन-तीन वर्षं ती तिथे कामाला होती. घोडे धावायचे ती हिरवळीची रुंद वाट, तिच्या दोन्ही अंगांना पांढरे लाकडी कठडे. एक शर्यत धावून गेली की टापांनी गवताच्या ढेपा उखडत, कुठे बशीएवढ्या, कुठे परातीएवढ्या. मग बायकांच्या टोळीनं कठड्याखालून आत शिरायचं, प्रत्येक ढेप उचलून तिच्याच खड्ड्यात नीट बसवायची, अनवाणी पायानं दाबायची, वरून लोखंडी धुमस मारायची, आणि पुढच्या शर्यतीची घंटा व्हायच्या आत बाहेर यायचं. पायात काही घालायचं नाही, कारण कुठे पोकळ राहिलं ते तळव्यालाच कळतं.

"माणूस खड्ड्यात पडला तर उठतो," धर्मा मुकादम रोज सकाळी न चुकता म्हणायचा, "घोडा पडला तर गोळी घालतात. आणि घोड्यावरचा पडला तर देव जाणे. दाबा नीट!"

पुतळाबाई संगमेश्वराकडची. नवरा गिरणीत होता, तो तापानं गेला. पोटी मूल नाही. गावी आईबाप एकापाठोपाठ गेले तेव्हा धाकट्या भावाला, उत्तमला, ती गलबतातून मुंबईला घेऊन आली. तोच तिचा भाऊ आणि तोच तिचा मुलगा. उत्तम अंगानं काटक, वजनाला हलका. एका काठेवाडी संस्थानिकाच्या तबेल्यात तो मोतद्दार म्हणून लागला. घोड्यांना खरारा करायचा, पहाटे फेरी मारून आणायची. त्याच्या हाताखाली कसलंही चिडकं जनावर मऊ होई. पुतळाबाई त्याला सांगायची, "खाली राहून कर रे बाबा काय ते. वर बसायची गोष्ट नको." तो हसायचा.

त्याच्या या हसण्याचंच तिला भय. कारण आदल्या हंगामात मैदानाच्या वळणावर एक स्वार पडला होता. पलटणीतला गोरा, वयानं उत्तमएवढाच. घोडा वळणावर अंग टाकून वळत असताना पुढचा पाय एका ढेपेवर पडला आणि ढेप सरकली. लोकांनी त्याला खाटेवर घालून नेलं, तेव्हा त्याचा एक बूट वाटेवरच राहिला. तो पुतळाबाईनंच उचलून दिला. बूट हाताला अजून गरम लागत होता. ती ढेप कुणाच्या पायाखालची, हे टोळीतल्या कुणी कुणाला विचारलं नाही.

त्या वळणाशी, कठड्याच्या बाहेर, भेंडीच्या जुन्या डेरेदार झाडाखाली एक शेंदूर फासलेला धोंडा होता. कोकणातल्या माणसाला राखणदार म्हणजे काय ते सांगायला नको. गावाच्या वेशीला, शेताच्या बांधाला, नदीच्या डोहाला, प्रत्येक जागेला कुणीतरी सांभाळणारा असतोच. त्याची आठवण ठेवून वर्षाला एक नारळ द्यायचा, ती त्याची राखण. मैदानाची ही जमीन तर पूर्वी समुद्राच्या पाण्याखालची. समुद्राची जागा घेतली, तर त्यानं आपला माणूस मागे ठेवला नसेल कशावरून? टोळीतल्या बायका हंगामाच्या पहिल्या दिवशी धोंड्यासमोर नारळ फोडायच्या. डोळ्यांकडची, शेंडीची वाटी राखणदारापुढे, दुसरी प्रसादाला. मुकादम तेवढा वेळ मुद्दाम समुद्राकडे तोंड करून विडी ओढायचा. मैदानाच्या साहेबाचा हुकूम होता, कठड्याच्या आत फूल नाही, अक्षता नाही, काही म्हणजे काही पडता कामा नये. बाहेर काय करायचं ते करा.

यंदाच्या हंगामाला अजून एक दिवस होता. संध्याकाळी उत्तम खोलीवर आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. पुतळाबाई जात्यावर बसली होती.

"बाय, उद्या मी नागिणीवर बसतोय."

"कुठे पोचवायची हाय?"

"पोचवायची नाय. पळवायची. तिसऱ्या शर्यतीत."

जातं थांबलं.

"तिचा नेहमीचा स्वार तापानं पडलाय," उत्तम घाईघाईनं सांगू लागला. "तबेल्याचे कारभारी म्हणाले, घोडी तुझ्या हाताची आहे, तूच बस. बाय, मोतद्दाराला कोण असं विचारतो गो? जन्म गेला तरी विचारत नाय."

"त्या वळणावर काय झालं ते विसरलास?"

"नाय विसरलो."

"मग?"

"मग काय! मी तू दाबलेल्या ढेपांवरून जाणार. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर घाबरलो असतो."

तो थट्टेनं बोलला, पण ते वाक्य तिच्या काळजात काट्यासारखं रुतलं. तिनं त्याला नको म्हटलं नाही. त्याच्या तोंडावर जे दिसत होतं, ते तिनं आईबाप गेल्यापासून पाहिलं नव्हतं. तिनं पीठ भरलं, देवापुढे दिवा लावला, आणि फडताळातला नारळ काढून कानाशी हलवून पाहिला. आत पाणी खळखळत होतं. नारळ चांगला होता.

शनिवारी उजाडायच्या आत ती मैदानावर पोचली. धुकं होतं. टोळीतली एकही बाई आली नव्हती. भेंडीखाली तिनं नारळ धोंड्यापुढे ठेवला, हात जोडले, आणि फोडायला उचलला तो तसाच हातात राहिला.

तिच्या मनात आलं, राखणदार कठड्याच्या बाहेर बसलाय, आणि उत्तम धावणार कठड्याच्या आत. गावी नवं शेत केलं की नारळ घरच्या देवाला देऊन भागत नाही, शेताच्याच मातीवर फोडतात. जी माती पाय धरणार, तिलाच पहिलं पाणी पाजायचं. मग ही राखण झाली कशी? बाहेरच्या बाहेर राखण देऊन आदल्या वर्षी तो गोरा पडलाच की.

साहेबाचा हुकूम तिला आठवला नाही असं नाही. आठवला. पण बहिणीचं मन हुकमाला कुठे ऐकतं! ती वाकून आत शिरली.

गवत दवानं ओलं होतं. मऊ जमिनीवर नारळ फुटायचा नाही, म्हणून तिनं एक धुमस आडवी ठेवली, तिच्या लोखंडावर नारळ धरला, आणि दुसरी धुमस उचलून घातली. पहिल्या घावाला तो निसटला. दुसऱ्या घावाला असा फुटला की दोन वाट्या राहिल्याच नाहीत, तुकडे झाले. पाणी मातीत गेलं. "उत्तमला सांभाळ," एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात धुक्यातून मुकादमाची हाळी आली.

"कोण हाय तिकडे? आत कोण हाय?"

तिनं चाचपडत तुकडे पदरात गोळा केले, पाण्यानं भिजलेल्या जागी शेजारची एक सैल ढेप सरकवली, वर दोनदा धुमस मारली आणि बाहेर आली.

"मीच हाय, मुकादम. एक ढेप वर आलेली दिसली."

"लवकर आलीस ती!" मुकादमानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "भाऊ बसतोय म्हणून होय? बरं बरं. आता सरळ भागाकडे चला. वळण काल झालंय."

पदराची गाठ कमरेला खोचून ती सकाळभर राबली. गाठ सोडायला सवड झाली नाही आणि धीरही झाला नाही. उन्हं चढली तशी गर्दी जमली. बग्ग्या आल्या, छत्र्या आल्या, पारशी शेटिया, पलटणीचे बँडवाले, बाहेरच्या अंगाला चणे-फुटाणेवाले. पहिली शर्यत लहान पल्ल्याची होती. ती वळणाच्या पुढूनच सुटे आणि सरळ भागातच संपे, त्यामुळे वळणावर एकही टाप पडली नाही. ती झाल्यावर बायकांनी सरळ भाग दाबून काढला, आणि वळणाजवळच्या आपल्या आडोशाला येऊन बसल्या.

शेवंता तिची शेजारीण, एकाच चाळीतली. तोंडाची फटकळ, पण अडीअडचणीला आधी धावणारी. ती म्हणाली, "काय गो पुतळे, यंदा राखण तू देणार होतीस ना? प्रसाद कुठाय? का सगळा भावाला चारलास?"

पुतळाबाईनं गाठ सोडली. तुकडे ओच्यात पसरले. आधी राखणदाराचा भाग बाजूला काढायचा, म्हणून ती डोळ्यांचा तुकडा शोधू लागली. एक तुकडा उलटला, दुसरा उलटला. सगळे उलटले. नारळाला तीन डोळे असतात. ओच्यात एकही नव्हता.

"काय झालं?" शेवंतानं विचारलं.

पुतळाबाईनं तुकड्याला तुकडा लावून पाहिला. करवंटीचं मडकं तिच्या हातात जुळत गेलं आणि वरच्या अंगाला तळहातात मावेल एवढं भगदाड राहिलं. कडा बघितल्या. सुरीसारख्या होत्या.

"शेवंते," ती म्हणाली, "मी आत फोडला नारळ. वळणावर. डोळ्यांचा तुकडा तिथेच राहिला. वर मीच ढेप बसवली."

शेवंताच्या तोंडची थट्टा उडाली. घोड्याच्या खुराचा तळवा मध्ये किती मऊ असतो, हे मैदानावरच्या बायकांना कुणी सांगायला नको होतं. खडा रुतला तरी घोडा लंगडतो. भरधाव वळणावर, सगळा भार एका पायावर असताना, सैल ढेपेखाली उभी करवंटी!

"कुणाला बोललीस?"

"आता तुलाच."

"मग बोलू नको." शेवंता जवळ सरकली. "ऐक. दुसरी शर्यत लांबची हाय, वळणावरून जाणार. एवढे घोडे गेले की तुकडा एकतर खोल जाईल नाहीतर उडून पडेल. मग आपण ढेपा दाबायला आत जाऊच, तेव्हा काढू. उत्तमची पाळी तिसरी. कळलं काय? त्याच्या आधी काढू."

पुतळाबाईला कळलं. कळलं तेव्हा तिला आधी हायसंच वाटलं. खोटं कशाला सांगू, देव सगळं बघतोच. एका श्वासापुरतं तिला वाटलं, सुटले.

तेवढ्यात दुसऱ्या शर्यतीचे घोडे सुरुवातीच्या जागेकडे जाऊ लागले, अगदी आडोशासमोरून, कठड्याबाहेरच्या पायवाटेनं. एक लालबुंद तोंडाचा गोरा पोरगा शीळ घालत चालला होता. त्याच्यामागे अरबासारखा दिसणारा एक वयस्क स्वार, त्याचे ओठ हलत होते. कुणाचं तरी नाव घेत असेल, देवाचं नाहीतर घरच्यांचं. पुतळाबाईनं मान खाली घातली. मांडीवर तिचे स्वतःचे तळहात उघडे पडले होते. त्यांना तो गरम बूट लागत होता.

ती उठली आणि मुकादमाकडे गेली.

"मुकादम, माझ्या हातून चूक झालीय."

"संध्याकाळी सांग."

"वळणावर, वाटेत करवंटी हाय. मी नारळ फोडला सकाळी."

धर्मा मुकादमाचं तोंड विडीसकट उघडं राहिलं. त्यानं आजूबाजूला पाहिलं, आणि आवाज इतका खाली आणला की ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सटवे, तुला आजच सुचलं? मला म्हणालीस ढेप वर आली!"

"शर्यत थांबवा."

"थांबवा? लाटसाहेब हाय काय मी? बँड वाजतोय, साहेब मचाणावर बसलाय, आणि मी जाऊन सांगू, आमच्या बाईनं नारळ फोडलाय? तू जाशील, मी जाईन, टोळी जाईल. गप बस. ही शर्यत जाऊ दे, मग काढू."

"आणि कोण पडला तर?"

"पडला तर पडला! घोड्यावर बसतो त्याला ठाऊक असतं." मग तो थोडा मऊ झाला. "तुझ्या भावाची पाळी अजून हाय ना? त्याचा विचार कर. बहिणीनं वाटेत काहीतरी पुरलं म्हटल्यावर त्याला कोण बसवील घोडीवर? जा, बस जा."

हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. तुकडा काढला की उत्तम वाचेल, इतकंच ती धरून चालली होती. बोललं तर उत्तमचा जीव वाचेल पण घोडी जाईल, आणि जन्मात एकदा आलेली गोष्ट तिच्याच हातानं जाईल. न बोललं तर दोन्ही राहतील, फक्त दुसरं कुणीतरी आधी त्या वळणावरून जाईल.

घंटा झाली.

पलीकडे, लांबवर, घोडे एका ओळीत यायला धडपडत होते. निशाण धरलेला माणूस इथून बोटाएवढा दिसत होता. शेवंतानं पुतळाबाईचा पदर धरला. "बस गो! बस म्हणते ना!"

पदर शेवंताच्या हातात ताणला गेला आणि सुटला. पुतळाबाई कठड्याखालून वाटेवर शिरली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग बाहेरच्या गर्दीतून आरोळ्या उठल्या, "ए बाई! मरशील! अरे हटवा तिला!" ती वळणाकडे पळत होती. सकाळी धुक्यात कठड्याचा एक वाकडा खांब तिनं खूण म्हणून पाहिला होता. आता लख्ख उन्हात खांब सापडला, पण त्याच्यासमोरचं गवत सगळं सारखंच. तिच्याच हातचं काम इतकं चोख होतं की तिलाच ओळखू येईना. ती पावलं दाबत फिरू लागली. इथे घट्ट. इथेही घट्ट. निशाण खाली पडलं का? घोडे सुटले का? मागे वळून बघायचा धीर नव्हता. तिनं डोळे मिटले आणि महालक्ष्मीचं नाव घेत नुसते तळवे टेकवत गेली.

आणि टापा ऐकू आल्या.

एकाच घोड्याच्या होत्या. वाटेवर देखरेख करणारा एक गोरा साहेब घोडा फेकत तिच्यावर येत होता, चाबूक उगारून. त्याच क्षणी तिच्या उजव्या पायाखाली ढेप किंचित हलली. हीच ती. घोडा सरळ त्याच जागेवर येत होता.

घोड्याचं जन्माचं भय असलेली ती बाई दोन्ही हात पसरून ढेपेवर उभी राहिली. "मारा मला! पण घोडा पुढे घालू नका!" साहेबाला त्यातलं अक्षर कळलं नसेल, पण त्यानं लगाम खेचला. घोडा मागच्या पायांवर उभा राहिला, त्याच्या तोंडचा फेस तिच्या खांद्यावर पडला. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी ढेप उपटली. मातीत बोटं घातली. तळहातात काहीतरी कचकन शिरलं.

तिनं हात वर केला. हातात करवंटी होती, शेंडीचे केस चिखलात माखलेले, तीन डोळे वर, आणि कडेवरून तिचं रक्त मनगटापर्यंत उतरत होतं.

निशाण पडलं नव्हतं. सुटायच्या जागेवरच्या माणसानं ते उंच धरून ठेवलं होतं. पुतळाबाईनं ते आत्ता पाहिलं आणि तिथेच गवतावर बसून तिला रडू फुटलं.

तिला मचाणावरच्या साहेबापुढे नेलं. हाताला फडकं शेवंतानं बांधलं. मैदानाच्या कचेरीतले कारकून चिंतामणराव दुभाषे म्हणून उभे होते. गिरगावातले, पगडी सारखी करत बोलणारे, पण मनानं बरे.

"साहेब विचारतात, हे कुणी सांगितलं करायला?"

"कुणी नाय. राखण दिली."

चिंतामणरावांनी बराच वेळ इंग्रजीत काहीतरी समजावलं. साहेबानं करवंटी हातात घेऊन तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा विचारलं.

"दर वर्षी बाहेर देता, मग आजच आत का? नीट सांग बाई. आणि जेवढ्यास तेवढंच सांग," हे शेवटचं चिंतामणरावांनी स्वतःच्या पदरचं, हळूच घातलं.

पुतळाबाई हाताचं फडकं आवळू लागली. सांगण्यासारखं एकच कारण होतं आणि ते तिला ओठांवर येऊ द्यायचं नव्हतं. पण धर्मा मुकादम मागे उभा होता, आणि त्याला स्वतःची कातडी वाचवायची होती.

"साहेब, तिचा भाऊ तिसऱ्या शर्यतीत बसतोय. नागिणीवर."

चिंतामणरावांनी मुकादमाकडे असं पाहिलं की तो चार पावलं मागे सरला. पण शब्द बाहेर पडला तो पडलाच. दहा तोंडांतून तो तबेल्यापर्यंत पोचला, आणि पोचेपर्यंत करवंटीची करणी झाली होती, नारळाचं लिंबू झालं होतं.

साहेब मात्र कठोर झाला नाही. त्यानं दुसरी शर्यत सोडायला सांगितली. पुतळाबाईला मैदानावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं बजावलं. बाकीच्या बायकांना काही बोलला नाही, धोंड्यालाही नाही. आणि खुर्चीवरून उठताना चिंतामणरावांना एक वाक्य बोलला, ते त्यांनी तिला मराठीत सांगितलं, "साहेब म्हणतात, बाई बोलली नसती तर कुणाला कळलंही नसतं."

दुसरी शर्यत वळणावरून सुखरूप गेली. शीळ घालणारा पोरगा कितवा आला ते पुतळाबाईला कळलं नाही. वयस्क स्वाराचे ओठ तेव्हाही हलत होते, एवढं तिनं बाहेरच्या कठड्याला धरून पाहिलं.

तिसऱ्या शर्यतीआधी कारभाऱ्यांनी उत्तमला खाली उतरवलं. नागिणीवर दुसरा कुणी बसला. उत्तम रंगीत रेशमी सदऱ्यातच तिला शोधत भेंडीखाली आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"खरं हाय?"

"खरं."

"मग दुसरी झाल्यावर बोलायचं होतंस! मुकादम म्हणतो, त्यानं सांगितलं होतं तुला. शेवंतावैनीनं पण सांगितलं होतं. काढला असता गुपचूप. कुणाचं काय गेलं असतं?"

"दुसरीतही माणसंच बसली होती रे."

"ती माझी कोण होती?" उत्तम ओरडला. "तुझी तरी कोण होती?"

खरोखरच कुणी नव्हती. उत्तमनं सदरा अंगावरून ओरबाडून काढला, नीट घडी घातली, कारण तो दुसऱ्याचा होता, आणि निघून गेला.

त्या दिवसापासून तो खोलीवर आला नाही. तबेल्यातच निजू लागला. पुतळाबाई लालबागेत मसाले कुटणाऱ्या बायकांत बसू लागली. हाताची जखम भरली, पण मुसळ धरलं की मिरचीचं तिखट त्या जागी झोंबायचं. कुणी विचारलं तर "नारळ सोलताना लागलं" म्हणायची. उत्तमसाठी ती रोज देवापुढे चार शब्द बोलत असे. तो बोलत नाही याची तक्रार त्यात कधी केली नाही, असं शेवंता सांगते. एकदाच केली, असंही तीच सांगते.

पावसाळ्यात तबेला पुण्याला गेला, उत्तमही गेला. तिथे एका लहानशा शर्यतीत कुणी स्वार मिळेना, तेव्हा कारभाऱ्यांनी नाक मुरडून त्यालाच बसवलं. मग आणखी एकदा बसवलं. हे पुतळाबाईला कळलं ते शेवंताच्या नवऱ्याकडून, बाजारातल्या बातमीसारखं.

दिवाळीत, भाऊबीजेला, तिनं दोन पाट मांडले. का मांडले ते तिलाही सांगता आलं नसतं. ऊन कलल्यावर उत्तम दारात आला. अंगानं आणखी वाळला होता. पाटावर बसला. तिनं ओवाळलं. कुंकू लावताना तिचा अंगठा त्याच्या कपाळावर जरा जास्तच वेळ टेकला.

"हंगामाच्या पहिल्या दिवशी बसतोय," तो शेवटी म्हणाला. "नागिणीवरच."

"बरं."

"राखण देणार काय?"

"देईन. मैदानात मला बंदी हाय, पण धोंडा बाहेर हाय."

"आणि डोळे?"

"डोळे मोजून घेईन," ती म्हणाली, आणि दोघंही एकदम हसली. हसता हसता उत्तमनं ताटातली करंजी उचलली, आणि तोंड दुसरीकडे करून, खाताखाता म्हणाला, "बाय, पुण्याला माझ्या पुढचा एक घोडा पडला. मी घोडा वरून उडवून नेला. खाली त्याचा स्वार बघितला. तो माझा कोण नव्हता." तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

हंगामाच्या पहिल्या दिवशी ती बाहेरच्या गर्दीत, वळणाशी उभी राहिली. शेवंता आतून, आडोशाकडून तिला हात करत होती. घंटा झाली. निशाण पडलं. लांबून गडगडाट येऊ लागला आणि पायाखालची जमीन थरथरली. पुतळाबाईनं कठडा इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. घोडे आले, एकमेकांना खेटून, अंगं झुकवून. त्या गोळ्यात कुठेतरी उत्तमचा सदरा चमकला. माती उडाली, ढेपा उडाल्या, कुणीतरी शिवी हासडली, आणि सगळा लोंढा वळण घेऊन सरळ भागाला लागला.

सगळेच्या सगळे होते. तिनं एकेक पाठ नीट पाहिली.

मग तिनं पदर सावरला आणि आरडाओरडा करणाऱ्या गर्दीला पाठ करून महालक्ष्मीच्या देवळाकडे चालू लागली. मागे हजारो माणसं कुणाचं तरी नाव घेऊन नाचत होती. पहिला कोण आला, हे तिनं वळून पाहिलं नाही.